पहिलं ट्री सॅडल कसं निवडावं: ऑर्डर देण्याआधी आणि पार्सल आल्यावर

ऑगस्ट लागला की ओळखीच्या नव्या शिकाऱ्यांचे फोन सुरू होतात. "दादा, अमुक कंपनीचं सॅडल बघितलंय, घेऊन टाकू का?" नोव्हेंबरात त्यांतलेच दोघे-तिघे पुन्हा फोन करतात. आता कमरेची हाडं दुखतायत, मांड्या बधिर होतायत आणि सॅडल विकायचं असतं. विचारपूस केली की बहुतेक वेळा सॅडल ठीकच निघतं. माप चुकलेलं असतं, दोर चुकीच्या उंचीवर बांधलेला असतो, किंवा सगळे पैसे सॅडलवर घालवून पायाखाली कसाबसा मावेल एवढा प्लॅटफॉर्म घेतलेला असतो. म्हणजे चूक वस्तूत नसते, क्रमात असते. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच वापरा.

ज्यांना अजून कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्री सॅडल म्हणजे नितंबांखाली आणि कमरेमागे बसणारी कापडी बैठक. तिच्या दोन्ही बाजूंच्या मजबूत फासांना जोडणारा पुढचा आखूड दोर म्हणजे ब्रिज. झाडाला बांधलेला दोर म्हणजे टेदर. ब्रिज टेदरला अडकवायचा, पाय छोट्या प्लॅटफॉर्मवर टेकवायचे आणि झाडाकडे तोंड करून दोरावर भार टाकायचा. खोड तुमच्या आणि हरणाच्या मध्ये राहतं, तेवढा आडोसाही मिळतो.

इथली सगळी माहिती अमेरिकेत धनुष्यबाणाने व्हाइटटेल हरणाची कायदेशीर शिकार करणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा शिकारीला जागाच नाही, तेव्हा सुट्टीत गावी नेऊन "दाखवायला" म्हणूनही या सामानाचा विचार नको.

## टप्पा ०: कागदपत्रं

हंटर एज्युकेशनचा कोर्स, त्या राज्याचं लायसन्स, धनुष्याच्या हंगामाच्या तारखा आणि खाजगी जमीन असेल तर मालकाची परवानगी, एवढं आधी हातात हवं. आपल्याकडचे व्हिसावर असलेले बरेच जण विचारतात म्हणून सांगतो: संघीय कायद्याच्या व्याख्येत धनुष्य हे "फायरआर्म" नाही. बंदुकीचे नियम वेगळे आणि कडक आहेत. तिथे ऐकीव माहितीवर न जाता वकिलाला विचारा.

सार्वजनिक जमिनीवर जाणार असाल तर त्या विशिष्ट जमिनीची नियमावली वाचा. झाडात स्क्रू किंवा खिळे घालायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. सामान रात्रभर झाडावर ठेवता येतं की नाही, हेही जागेगणिक बदलतं. कशावर चढायचं हे यावरून ठरतं आणि पुढची सगळी खरेदी त्यावर अवलंबून असते.

## टप्पा १: वेबसाइट बंद करा, टेप घेऊन जंगलात जा

शिवणकामाची साधी मापाची टेप खिशात टाका आणि जिथे बसायचं आहे तिथली आठ-दहा झाडं मोजा. घेर मोजा, जाडी नजरेने ठरवू नका. छातीच्या उंचीवरचा घेर इंचांत लिहून घ्या.

याचं कारण साधं गणित आहे. बाजारात मिळणारे टेदर बहुधा ८ फुटांचे, म्हणजे ९६ इंचांचे असतात. १८ इंच जाड झाडाचा घेर सुमारे ५७ इंच. वळसा घालून ३९ इंच दोर हातात उरतो, तो पुरेसा आहे. २४ इंच जाडीला घेर ७५ इंचांवर जातो आणि उरतात जेमतेम २१ इंच. त्यातच टोकाची गाठ आणि सरकवायला जागा हवी. तुम्ही खोडाला चिकटूनच लटकाल, गुडघे टेकवायलाही अंतर मिळणार नाही. झाडं जाड असतील तर लांब टेदर आणि स्टिकला (चढायला खोडाला बांधायच्या सुट्या पायऱ्या) लांब पट्टे किंवा दोर आधीच घ्यावे लागतात. त्या वेळी सॅडल कोणतं हा मुद्दाच नसतो.

झाडाची जातही बघा. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात ॲशची झाडं एमराल्ड ॲश बोरर या किड्याने मोठ्या प्रमाणावर मेली आहेत. २००२ मध्ये अमेरिकेत हा किडा पहिल्यांदा मिशिगनमध्ये सापडला. मेलेला ॲश सरळसोट उभा असतो, पाने झडल्यावर जिवंत झाडांत बेमालूम मिसळतो आणि लाकूड ठिसूळ झालेलं असतं. त्यावर अजिबात चढायचं नाही. शॅगबार्क हिकरीची साल मोठ्या पट्ट्यांनी सुटलेली असते. जीव धोक्यात जात नाही, पण प्रत्येक हालचालीला करकर आवाज येतो आणि स्टिक सालीवर नीट बसत नाही.

शेवटी प्रामाणिकपणे एक प्रश्न स्वतःला विचारा. मित्राच्या शेतावर एकच ठरलेली जागा आहे, दर वर्षी तिथेच बसणार, आणि स्टँड कायम लावून ठेवता येतो? मग तुम्हाला सॅडल नकोय. चांगला लॅडर स्टँड (झाडाला टेकवलेली शिडी आणि वर बैठक) आणि पडल्यास झेलणारा फुल बॉडी हार्नेस घ्या, पाठ टेकून बसाल. सॅडलचा फायदा आहे तो चालत आत जाणाऱ्याला, दर वेळी झाड बदलणाऱ्याला, आणि जंगलात काहीही मागे न ठेवणाऱ्याला.

तपासा: झाडांचे घेर लिहिले? मेलेली झाडं वगळली? एका वेळी दोन तास बसणार की नोव्हेंबरात दिवसभर, हे ठरलं? तिन्हींची उत्तरं नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पैशाची वाटणी

नवीन माणूस आधी सॅडल ठरवतो आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवतो. क्रम उलटा हवा. आधी दोर आणि कॅराबिनर (दोर अडकवायची, उघडझाप होणारी धातूची कडी), मग प्लॅटफॉर्म, मग चढायच्या स्टिक, आणि शेवटी सॅडल.

साधारण १५० ते ४०० डॉलरमध्ये चांगली सॅडल मिळतात. प्लॅटफॉर्म आणि चार स्टिक मिळून सहज तेवढेच किंवा जास्त पैसे खातात. त्याशिवाय टेदर, चढताना कमरेपासून झाडाभोवती घ्यायचा लाइन्समन रोप, दोन-तीन कॅराबिनर, गुडघ्यांचे पॅड, धनुष्य वर ओढायची दोरी आणि सगळं मावेल अशी पिशवी. हे सगळं कागदावर उतरवून बेरीज करा, मग सॅडलची किंमत बघा.

माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी एकाच कंपनीचा तयार संच घ्या. त्यात दोर, त्यावर सरकणाऱ्या गाठीची बारीक दोरी आणि सॅडल एकमेकांना जुळणारं असतं. सुटे भाग निवडण्यात मजा आहे हे खरं, पण ती दुसऱ्या वर्षीची मजा आहे.

प्लॅटफॉर्म मोठा घ्या. अगदी छोटे, पावलाएवढे प्लॅटफॉर्म सरावलेल्यांसाठी असतात. नवीन माणसाचे पाय सतत जागा शोधत असतात, आणि पायांना जागा नसली की तो सगळा भार कमरेवर टाकतो. मग शिव्या सॅडलला बसतात.

वजनाच्या आकड्यांमागे लागू नका. दोन सॅडलमध्ये पाव किलोचा फरक असतो. तुमच्या पिशवीतल्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचं वजन त्याच्या दुप्पट आहे.

सावधान: वापरलेलं सॅडल घ्यायचंच असेल तर लेबलवरची उत्पादनाची तारीख आणि प्रत्येक शिलाई डोळ्यांनी बघून घ्या. वापरलेला टेदर, लाइन्समन रोप किंवा ब्रिज मात्र कधीच घेऊ नका. दोराने आधी काय सोसलंय हे बाहेरून दिसत नाही.

## टप्पा ३: अंगाचं माप, जाड कपड्यांसकट

जीन्सच्या लेबलवर ३४ लिहिलंय म्हणून सॅडलही ३४ च्या मापाचं मागवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

१. थंडीत घालणार ते सगळे कपडे चढवा. आतला थर्मल, जाड पँट, वर जॅकेट. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातले कपडे नव्हे, नोव्हेंबरअखेरचे.

२. कमरेच्या हाडांवरून एक घेर घ्या. सॅडलचा पट्टा साधारण इथे असतो.

३. नितंबांच्या सर्वांत फुगीर भागावरून दुसरा घेर घ्या. खरी बैठक इथे येते.

४. हेच दोन्ही घेर साध्या टी-शर्ट-पँटवर पुन्हा घ्या.

आता कंपनीचा तक्ता बघा. काही कंपन्या कमरेवरून साइज ठरवतात, काही नितंबांवरून, म्हणून एका कंपनीचा मीडियम दुसरीकडे लार्ज निघू शकतो. दोन्ही ऋतूंतली मापं एकाच साइजमध्ये पट्ट्याच्या मधल्या भागात बसली पाहिजेत. पट्टा शेवटच्या टोकापर्यंत सैल करावा लागत असेल तर साइज लहान आहे. पूर्ण आवळूनही सॅडल खाली घसरत असेल तर मोठी आहे.

दोन साइजच्या मधे अडकलात तर? बैठक दोन पट्ट्यांची (एक नितंबांखाली, एक कमरेमागे) असेल तर मोठी घ्या, ती आवळता येते. एकाच सलग पट्ट्याच्या सॅडलमध्ये जास्तीचं कापड बाजूंना गोळा होतं आणि तेच मग टोचतं. तिथे कंपनीला ईमेल करून दोन्ही मापं कळवा आणि उत्तराची वाट बघा.

वजनमर्यादाही इथेच बघा. बऱ्याच सामानावर ३०० पाउंड, म्हणजे सुमारे १३६ किलो, असं लिहिलेलं असतं. ती मर्यादा तुमच्या नुसत्या अंगाच्या वजनाची नसते. कपडे, बूट, पिशवी, धनुष्य सगळं धरून मोजा. प्लॅटफॉर्मची आणि स्टिकची मर्यादा वेगळी असू शकते. सगळ्यांत कमी आकडा तुमचा.

## टप्पा ४: सॅडल बघायचं कसं

आता वेबसाइट उघडा. रंगावर आणि झाडपाल्याच्या छापावर वेळ घालवू नका, तुमच्यासमोर खोड असतं आणि अंगावर जॅकेट.

पहिला निर्णय एक पट्टा की दोन. एका पट्ट्याचं सॅडल साधं, हलकं आणि घडी करून लहान होतं. अंधारात ते उलटंपालटं होण्याची शक्यताही कमी. दोन पट्ट्यांमध्ये खालचा नितंबांखाली आणि वरचा कमरेमागे सरकवता येतो, त्यामुळे बसल्या बसल्या भार हलवता येतो. दिवसभर बसणाऱ्याला किंवा पाठीचं जुनं दुखणं असणाऱ्याला मी दोन पट्ट्यांचं सुचवीन. संध्याकाळचे दोन-तीन तास बसणाऱ्याला एक पट्टा पुरतो.

दुसरा, ब्रिज लांब-आखूड करता येतो का. पहिल्या सॅडलला हे हवंच. तुमच्या अंगाला किती लांबीचा ब्रिज मानवतो हे लटकल्याशिवाय कळत नाही. ठरीव लांबीचा घेतलात तर प्रयोगाची वाटच बंद.

तिसरा, लाइन्समन रोप अडकवायचे दोन्ही बाजूंचे फास. हे थोडे ताठ आणि उभे राहणारे हवेत. पहाटे पाच वाजता, हातमोजे घातलेले, एक हात स्टिकवर, आणि दुसऱ्या हाताने न बघता कॅराबिनर त्या फासात घालायचा असतो. लुळा पडलेला फास सॅडलच्या कापडाला चिकटतो, बोट आत जात नाही, आणि तुम्ही अंधारात स्वतःच्या कमरेवर चाचपडत राहता. दुकानात सॅडल हातात घ्यायला मिळालं तर डोळे मिटून हेच करून बघा.

चौथा, मांड्यांचे पट्टे. ते सॅडल वर सरकू नये म्हणून असतात. काढता-घालता येणारं बक्कल असलेले बरे, नाहीतर बुटांसकट पाय घालताना अंगणातच तोल जातो.

जाळीचं कापड हलकं आणि लवकर वाळणारं असतं, पण काटेरी झुडपांत अडकतं. घट्ट विणीचं कापड जरा जड, पण राकट. तुमचं जंगल मल्टिफ्लोरा रोझने भरलेलं असेल तर जाळी टाळा.

सावधान: सॅडलवर पिशव्या अडकवायला शिवलेले बरेच छोटे फास असतात. ते माणसाचं वजन पेलायला केलेले नाहीत. टेदर फक्त ब्रिजला आणि लाइन्समन रोप फक्त त्याच्या ठरलेल्या दोन फासांना. पार्सल आल्यावर हे दोन फास रंगीत दोऱ्याने खूण करून ठेवा, पण शिलाईत सुई घालू नका, नुसता दोरा गुंडाळा.

## टप्पा ५: दोर आणि लोखंड

सॅडलपेक्षा जास्त वेळ इथे द्या. जीव यावर लटकतो.

जाडी. ११ मिमी दोर जड असतो, पण गारठलेल्या हातांनी पकडता येतो आणि त्यावर गाठ सहज सरकते. ८ मिमीचे खास दोर हलके आणि बारीक घडीचे असतात, पण त्यांना जुळणारी गाठीची दोरी आणि उपकरणं नेमकी लागतात. पहिल्या वर्षी जाड दोर.

गाठ की उपकरण. टेदरवर वर-खाली सरकणारी जोडणी प्रूसिक गाठीने किंवा छोट्या धातूच्या असेंडरने होते. प्रूसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक आणि त्या दोरासाठी तपासलेलीच हवी. जाडी जवळपास सारखी असेल तर गाठ नीट पकडत नाही, फार बारीक असेल तर अशी आवळते की सोडवता सुटत नाही. असेंडर घेतलात तर त्यावर कोरलेली दोराच्या जाडीची मर्यादा वाचा आणि तुमचा दोर त्या आत आहे याची खात्री करा. असेंडरच्या खाली आधाराची एक गाठ मारायची सवय लावा.

टोकाची गाठ. प्रत्येक दोराच्या मोकळ्या टोकाला थांबवणारी गाठ हवी, नाहीतर सरकती जोडणी टोकावरून निघून जाऊ शकते. संचातल्या दोराला ती असते. स्वतः दोर घेतलात तर विसरली जाते.

कॅराबिनर. आपोआप बंद होऊन कुलूप लागणारे, लांबीच्या दिशेने किमान २२ किलोन्यूटन लिहिलेले. म्हणजे सुमारे २,२०० किलोंचा भार. हा आकडा भार लांबीच्या दिशेने असेल तेव्हाचा आहे. आडवा पडला तर ताकद कितीतरी कमी होते आणि तीही कॅराबिनरवर वेगळी कोरलेली असते. किल्ल्या अडकवायचे, "वजन पेलण्यासाठी नाही" असं लिहिलेले कॅराबिनर दिसायला तसेच असतात. ते घरात सामानाच्या डब्यातच ठेवू नका.

सावधान: हे दोर धक्का बसल्यावर फारसे लांबत नाहीत. सॅडल हे सतत ताणलेल्या दोरावर टेकून राहण्यासाठी आहे, पडल्यावर झेलण्यासाठी नाही. टेदरमध्ये दोन फूट ढील ठेवून घसरलात तर तो धक्का तुमच्या कमरेला आणि दोराला बसतो. ढील म्हणजे चूक, हे डोक्यात पक्कं करा.

## टप्पा ६: पार्सल उघडल्यावर

लेबल फाडू नका. स्वच्छ चादरीवर सगळं मांडा. प्रत्येक शिलाई उजेडात बघा. ब्रिज हातातून पूर्ण फिरवून कुठे दोरे उसवलेत, चपटा झालाय, कडक झालाय का ते चाचपा. प्रत्येक कॅराबिनर सोडून बघा, तो आपोआप बंद होऊन कुलूप लागलं पाहिजे. माहितीपत्रक वाचा, त्यात ब्रिज आणि दोर किती काळाने बदलायचे तेही दिलेलं असतं. कंपनीचा परतीचा नियमही आत्ताच बघा. बहुतेक ठिकाणी मळलेलं सॅडल परत घेत नाहीत, म्हणून पुढची चाचणी कोरड्या दिवशी आणि स्वच्छ पँटवर.

## टप्पा ७: गुडघाभर उंचीवर लटका

सॅडल निवडायची खरी जागा ही. व्हिडिओतला माणूस तुमच्या अंगाचा नाही.

अंगणातलं जिवंत, सरळ झाड घ्या. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सार्वजनिक बागेतल्या झाडाला परवानगीशिवाय हात लावू नका. धनुर्विद्येच्या क्लबात विचारा, तिथे कुणी ना कुणी सॅडलवाला भेटतोच.

१. प्लॅटफॉर्म जमिनीपासून फूट-दीड फुटावर बांधा.

२. त्यावर उभे राहा. टेदर साधारण कपाळाच्या उंचीवर बांधा.

३. ब्रिज मध्यम लांबीवर ठेवा. कॅराबिनर लावा, कुलूप हाताने दाबून बघा.

४. सॅडल खाली ओढून खालची कड नितंबांच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला आणा. नवीन माणूस ते पँटसारखं कमरेवर ठेवतो आणि मग पाठ भरून येते.

५. हळूहळू मागे टेकत पूर्ण भार द्या.

६. आता पाऊण तास तिथेच राहा. फोन खिशात. दहा मिनिटांत सगळीच सॅडल आरामदायी वाटतात.

या वेळात दोन्ही पद्धती करून बघा. एक, पाय जवळजवळ सरळ ठेवून मागे रेलणं. दुसरी, गुडघे खोडाला टेकवून बसणं. टेदर वर नेला की बसणं सोपं होतं, खाली आणला की रेलणं. प्रत्येकाची आवड वेगळी असते, आणि दिवसभरात दोन्ही आलटून-पालटून वापरावं लागतं.

मग धनुष्य घ्या, बाण न लावता. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला डावीकडचा नेम सोपा, उजवीकडचा अवघड. उजवीकडे वळायला झाडाभोवती फिरावं लागतं किंवा ब्रिजवरून धनुष्य पलीकडे न्यावं लागतं. म्हणूनच जंगलात प्लॅटफॉर्म असा बांधायचा की हरणाची वाट आपल्या सोप्या बाजूला यावी. दोरी पूर्ण ओढायची तर बाण लावून, समोर सुरक्षित लक्ष्य ठेवूनच. रिकामी दोरी सोडली तर धनुष्य मोडू शकतं.

तपासा: बसल्या जागेवरून हात वर करून टेदरवरची सरकती गाठ किंवा असेंडर नीट पकडता येतो का? येत नसेल तर टेदर खाली घ्या किंवा ब्रिज आखूड करा.

## टप्पा ८: दुखतंय कुठे, त्यावरून दुरुस्ती

सॅडल परत करायचं ठरवण्याआधी हे करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा मिनिटं थांबा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमका उपाय कोणता ते कळणार नाही.

कमरेच्या हाडांवर दोन्ही बाजूंनी चिमटा. ही सर्वांत मोठी तक्रार. ब्रिज आखूड असला की दोन्ही फास आतल्या बाजूला ओढले जातात आणि हाडं दाबली जातात. ब्रिज दोन-तीन इंच लांब करा. मग सॅडल आणखी खाली ओढा. त्यानंतर टेदरची उंची थोडी बदलून बघा.

मांड्या बधिर. बैठक मांडीखाली गोळा झालेली असते किंवा मांड्यांचे पट्टे उगाच आवळलेले असतात. पट्टे सैल करा. दोन पट्ट्यांचं सॅडल असेल तर खालचा थोडा वर सरकवा.

पाठीच्या खालच्या भागात कळ. बैठक फार वर आहे. किंवा टेदर खूप खाली असल्यामुळे सगळं रेलणंच चाललंय. टेदर वर, सॅडल खाली.

गुडघे आणि तळपाय. इथे सॅडलचा काही संबंध नाही. गुडघ्यांना जाड पॅड लावा, तळवा ताठ असलेले बूट घाला. तरीही तळपाय दुखत असतील तर प्लॅटफॉर्मचा आकार बघा.

हे सगळं करूनही कमरेचा चिमटा सुटला नाही तर ते सॅडल तुमच्या हाडांच्या ठेवणीचं नाही. मुदतीत परत करा, संकोच नको.

## टप्पा ९: पहिली चढाई आणि सोडण्याचा क्रम

पहिल्यांदा चढताना दिवसा, सोबतीला कुणी तरी आणि उंची सहा-सात फुटांपेक्षा जास्त नको. नंतर हळूहळू बारा-पंधरा फूट. वीस-पंचवीस फुटांवर बसणारे दिसतील, पण तुम्हाला पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

जमिनीवरच सॅडल घाला, लाइन्समन रोप झाडाभोवती घेऊन दोन्ही फासांत अडकवा आणि मगच पहिल्या स्टिकवर पाय ठेवा. धनुष्य जमिनीवर, दोरीला बांधलेलं. वर पोहोचल्यावर:

१. लाइन्समन रोप ताणलेलाच असू द्या.

२. टेदर बांधा, ब्रिजला लावा, कुलूप बघा.

३. टेदरवर पूर्ण भार द्या. तो पेलतोय हे अंगाला कळू द्या.

४. त्यानंतरच लाइन्समन रोप काढा.

उतरताना नेमकं उलटं: आधी लाइन्समन रोप अडकवून त्यावर भार द्या, मग टेदर सोडा. एकही क्षण असा नको की दोन्ही सुटलेले आहेत. घाई नेहमी उतरताना होते, अंधार पडलेला असतो, घरून फोन आलेला असतो. उतरायच्या आधी प्रत्येक वेळी तोंडाने म्हणा, "कमरेचा दोर लागला, आता वरचा सोडतो." कुणी ऐकायला नसतंच.

कमी उंचीवरच आणखी एक सराव करा. ढील शून्य ठेवून मुद्दाम दोन्ही पाय प्लॅटफॉर्मवरून काढा आणि पुन्हा पाय वर घ्या. जमत नसेल तर प्लॅटफॉर्मच्या अगदी जवळ, हात-पाय पोहोचेल अशी शेवटची स्टिक बांधा. दोरावर नुसतं लोंबकळत फार वेळ राहणं शरीराला धोक्याचं आहे, पाय टेकवायला जागा नेहमी हवी. फोन पिशवीत नव्हे, छातीच्या खिशात. कोणत्या झाडावर आहात त्याचा नकाशावरचा बिंदू घरच्यांना पाठवलेला असावा. बायको विचारणारच, "म्हणजे नक्की कुठे?" तेव्हा "जंगलात" हे उत्तर चालत नाही.

## टप्पा १०: ठेवायचं कसं

गॅरेजमध्ये पेट्रोलचा डबा, ॲसिड, बॅटरी यांच्याजवळ सॅडल ठेवू नका. खिडकीतल्या उन्हात नको, ओलं असताना घडी नको. उंदीर दोर कुरतडतात, म्हणून झाकण घट्ट लागणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि आधी सगळं पूर्ण वाळू द्या. प्रत्येक वेळी चढण्याआधी ब्रिज, टेदर आणि दोन्ही बाजूंच्या फासांवरून बोट फिरवा. ब्रिज सर्वांत आधी झिजतो, कारण कॅराबिनर त्याच जागी पुढे-मागे घासत राहतो. तिथे दोर केसाळ दिसू लागला किंवा हाताला चपटा लागला तर त्या दिवशी झाडावर चढू नका, नवा ब्रिज मागवा.